भाव पाडणाऱ्याचं नाक

‘भाभी, तेवढं नाक काढून टाका,’ कय्युमभाई म्हणाले होते. मोनालीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण नाक तिनंच बनवलं होतं. कणीक मळून, चांगलं चार बोटं लांब, टोकाला पोपटासारखं वळलेलं. आणि तेही लेकीला मांडीवर थोपटत, एका हातानं.

कय्युमभाई पेशानं शिंपी. पण मोनालीचा नवरा जितेंद्र यूट्यूबवर अहिराणी फिल्म टाकायचा, तिच्यात दर वेळी व्हिलन तेच. ‘दहा वर्षं हेच करतोय,’ आरशात बघत ते म्हणाले, ‘टोपी, दाढी, वाकडी नजर. नक्कल कुणाची चाललीय ते आतून कळतं मला.’

‘कय्युमभाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता,’ मोनाली म्हणाली.

फिल्म होती केळीचे भाव पाडणाऱ्यावर. भाव पाडणारा रावेरचा व्यापारी दाखवावा, तर रावेरात शूटिंग बंद. कॅमेरा भाड्यानं देणाऱ्या शेठजींसारखा दाखवावा, तर कॅमेरा बंद. पुढारी दाखवावा, तर सगळंच बंद. शेवटी जितेंद्रला मोबाइलवर कुठलंसं जुनं परदेशी चित्र सापडलं: काळा कोट, आकडेबाज नाक, एका हातात सोन्याची थैली, दुसऱ्यात पृथ्वीचा गोळा. ‘ज्यू शेठ! सगळ्या जगाचे भाव हाच ठरवतो,’ तो खूश होऊन म्हणाला. ‘आन् त्यासनं आठे कोन शे तक्रार कराले?’ तक्रार करायला इथे त्यांचं आहेच कोण, हा त्याचा हिशेब.

फिल्म दोन लाख लोकांनी पाहिली. धुळ्याच्या लघुपट महोत्सवातही निवडली गेली. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी कमेंट आली.

‘जितेंद्र, माझे वडील भुसावळला इंजिन चालवायचे. ते ज्यू होते, मीही आहे. त्यांच्या हातात सोन्याची थैली कधी दिसली नाही, कोळशाचं फावडं दिसायचं. तुझं हे चित्र मी पूर्वी पाहिलंय आणि ते काढणाऱ्यांनी पुढे काय केलं तेही वाचलंय. हन्ना झिराडकर, चाळीसगाव.’

मोनालीनं नाव दोनदा वाचलं. झिराडकर मॅडम! कॉलेजच्या होस्टेलच्या रेक्टर. पाटीवर ‘एच. झिराडकर’ असायचं, एच म्हणजे हेमा, असं सगळ्या पोरी धरून चालल्या होत्या. वर्षातून एकदा मॅडम गोड पोह्यांचा मलिदा वाटायच्या, तो प्रसाद म्हणून खाल्ला, देव कुठला ते कुणी विचारलं नाही. आता रिटायर होऊन एकट्या राहायच्या, आणि मोनाली त्यांना दिवसातून दोनदा फोन करायची. ‘मॅडम, बाळाची शी हिरवी झालीय.’ ‘पालक भरवलास का?’ ‘हो.’ ‘मग निळी व्हायला हवी होती का?’ एवढं ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. डॉक्टरांच्या बोलण्यानं पडत नसे.

‘झिराडकर? त्या तर कोकणातल्या ना?’ जितेंद्र म्हणाला.

‘कोकणातल्या ज्यू.’

‘असतात?’

‘आपल्याकडे भरीत जेवून गेल्यात त्या!’

जितेंद्र खोलीभर फिरला. ‘सुरुवातीला पाटी टाकू. हे नाक काल्पनिक आहे.’

‘जितू!’

‘अगं, मला राग रावेरच्या व्यापाऱ्यावरच काढायचा होता.’

‘मग त्यालाच दाखवायचं होतंस.’

‘त्यानं ट्रक घातला असता अंगावर.’

‘आणि मॅडमकडे ट्रक नाही, म्हणून?’

त्यानं पुन्हा मोबाइल उचलला. मॅडमच्या कमेंटखाली त्याची बाजू घेणारे जमले होते. ‘भाऊ घाबरू नका, नाक अजून लांब करा,’ असं कुणीतरी अंगठ्याच्या इमोजींसह लिहिलं होतं. ते वाचून त्याचा चेहरा पडला. फिल्म त्यानं स्वतःच काढून टाकली, धुळ्यालाही नको म्हणून कळवलं.

मोनालीनं फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडम रागावल्यात की न्हाणीघरात पाय घसरून पडल्यात? रागावलेल्याच असू देत, असा नवस ती देवाला बोलली. स्वतः गाडीत बसावं, तर बाळाला कांजिण्या. जितेंद्रला पाठवावं, तर त्यालाही उठलेल्या, आणि त्याही नाकासकट. कय्युमभाई लग्नाला सुरतेला. पाचव्या दिवशी तिनं चॅनलवर, फिल्मच्या रिकाम्या जागी, लिहिलं:

‘तुमच्यापैकी चाळीसगावचं कुणी हे वाचत असेल, तर कृपा करून स्टेशनमागच्या पिवळ्या बैठ्या घरात झिराडकर मॅडमना बघून या. दार जोरात वाजवा, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. व्हिडिओ काढू नका. माफी मागू नका, ती मी येऊन मागणार आहे. माझं नाव काढल्यावर त्यांनी दार आपटलं, तर तेवढंच मला कळवा. म्हणजे त्या बऱ्या आहेत.’