न चावता गिळायची गोळी

देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. गेन्साईबुवाने शंख फुंकला, डोळे मिटले आणि गर्दी गप्प झाली.

"पोटातले जंत म्हणजे साधे किडे नव्हेत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ती तुमच्या उपाशी पितरांची भूक आहे. माझी गोळी तिला हाताला धरून बाहेर आणते. पथ्य एकच. चावायची नाही. दात लागला की गुण गेला."

दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. दक्षिण जपानच्या त्या किनाऱ्यावर भाजीला सोनखत घालत आणि जंत घरोघरी असत. शाळेत मुलांना समुद्रशेवाळाचा काढा मिळे. दुसऱ्या दिवशी मुलं किती जंत पडले ते वर्गात सांगत, आणि ज्याचे जास्त तो दिवसभर मिरवे. त्यातून गावाचा पक्का समज झाला होता, की जे औषध जास्त जंत दाखवतं ते जास्त गुणाचं. बुवाने नेमकी हीच नस पकडली होती. त्याच्या गोळीने धडधाकट कोळ्यांच्या पोटातूनही पांढऱ्या जंतांची मूठ पडत होती.

इचिकीबाईंना मात्र वर्गात चैन पडत नव्हतं. त्यांच्या वर्गातल्या सुएकोचे हात काटक्यांसारखे झाले होते आणि पोट नगाऱ्यासारखं. परवा उलटीतून जिवंत जंत पडला होता. तरी तिची आई तोमी काढा देऊ देईना.

"बुवाच्या गोळीने ढीगभर पडले, बाई. तुमच्या त्या घाणेरड्या पाण्याने पडले असते का?"

"पण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिची शी तपासली, तोमी. अंडी होती तेवढीच आहेत. जंत पडून गेले, तर अंडी घालतंय कोण? आतडं तुंबलं तर पोर हातची जाईल."

"त्या सूक्ष्मदर्शकात काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

बाई येरझारा घालत राहिल्या. डोळ्यांनीच पाहायचं, तर दाखवायचं काय? त्यांना ते पथ्य खुपत होतं. दात लागला तर असं काय दिसणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्या किटली आणि दोन वाडगे घेऊन देवळापुढच्या गर्दीत शिरल्या.

"मलाही गोळी द्या, बुवा."

"घ्या ना. शिकलेल्यांच्या पोटातही जंत असतात," बुवा म्हणाला, आणि लोक हसले.

बाईंनी गोळी गिळली नाही. दोन्ही वाडग्यांत त्यांनी किटलीतलं कोमट पाणी ओतलं आणि एकात गोळी टाकली.

"देवाची गोळी बुडवता? कोप होईल," बुवाने बजावलं. कुणी पाय बदलत होतं, कुणाचं पोर रडत होतं, पण जागचं कुणी हललं नाही. गोळीवरचं पीठ हळूहळू सुटलं. आतून बारीक दोरे उलगडले, पाणी पिऊन फुगले आणि पांढरे, गुबगुबीत होऊन वळवळल्यासारखे पसरले.

"अगं बाई," मासे विकणारी म्हातारी ओमात्सु म्हणाली, "वाडग्याला जंत झाले."

"पाण्यातच होते ते," बुवा घाईने म्हणाला.

बाईंनी दुसरा वाडगा पुढे सरकवला. "हेही त्याच किटलीतलं पाणी. यात का नाहीत?"

"ते… पितर गोळीकडे ओढले जातात."

"वाडग्याचे पितर कुठल्या गावचे रे?" म्हणत ओमात्सुने एक दोरा उचलला आणि चक्क चावला. बायकांनी तोंडाला पदर लावावा तशा किमोनोच्या बाह्या लावल्या. म्हातारी शांतपणे चघळत म्हणाली, "कोन्न्याकू आहे. मेल्याने मीठ नाही घातलं."

कोन्न्याकू म्हणजे सुरणाच्या जातीच्या कंदाच्या पिठाचा तिथला रोजच्या जेवणातला पदार्थ; त्याचेच ते दोरे, सुकवून गोळीत कोंबलेले. ते पोटात फुगतात, पण सहसा पचत नाहीत, म्हणून जसेच्या तसे बाहेर पडतात. चावले असते तर पहिल्याच घासाला भांडं फुटलं असतं.

बुवा झोळी आवरू लागला. तोमी मात्र उभीच होती.

"म्हणजे सुएकोचे जंत?"

"अजून आतच आहेत."

तोमीचा चेहरा पडला, मग कठोर झाला. "आणि तुमचा काढा तरी खरा कशावरून?"

लोक बाईंकडे वळले. त्यांना राग आला नाही. "बरं केलंस विचारलंस. माझ्या शब्दावर घेऊ नकोस. आधी शी तपासू, मग काढा देऊ, मग पुन्हा तपासू. सूक्ष्मदर्शकाखालची काच तू स्वतः बघ. अंडी घटली नाहीत, तर काढाही समुद्रात ओतू."

सुएको नाक दाबून काढा प्यायली. काढ्याच्या ठरलेल्या मात्रा झाल्यावर तोमी आरोग्य केंद्रात एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकावर वाकली. आधीच्या काचेवर अंडीच अंडी होती. नव्या काचेवर तिला एकही सापडेना. तिने मान वर केली ती डॉक्टरांना विचारायलाच.

"ही काच माझ्याच पोरीची कशावरून?"

डॉक्टर वैतागले. बाई मात्र हसल्या, कारण आता तोमीला कुठलाच बुवा फसवू शकणार नव्हता.

मुलांनो, गुण दाखवणारा कुणी भेटला तर दुसरा वाडगाही मागा. औषध न घालता काय होतं, ते त्यात दिसतं. अशा विचारण्याने कुठलाही देव कोपत नाही, आणि खऱ्या औषधाला तर त्याची मुळीच भीती नसते.