आईच्या हातचं दूध

सकाळचा चहा आटोपला, की ताईपुढे दुधाचा पेला येई. ती मनोरुग्णालयातून घरी आल्यापासून आईने हा नेम कधी चुकवला नव्हता.

ताई शिवणकामातली. ती काम करी त्या शिंप्याच्या दुकानात कापड बेतण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना निक्षून सांगितलं होतं, "गोळी तिची तिलाच घेऊ द्या, आणि कामावर जाऊ द्या." ताई गोळी न चुकता घेई. दुकानाच्या मास्तरांनीही तिची जागा राखून ठेवली होती. घरात मात्र ती जरा मोठ्याने हसली, तरी भावजय धाकट्या भावाकडे बघे.

कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी तिचा हात लटपटला. कात्री खडूची रेघ सोडून गेली आणि गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड वाया गेलं. दुसऱ्या दिवशी तर डोळेच उघडेनात. मास्तर म्हणाले, "पोरी, आधी बरी हो."

"मी सांगत नव्हतो?" धाकटा भाऊ म्हणाला. "आता गप घरात बस." आपण कायमच्या कामातून गेलो, असं ताईलाही वाटू लागलं.

एकदा दूध फार गरम होतं, म्हणून तिने ते चमच्याने ढवळलं. चमच्याला पांढरा चुरा लागून आला. तिने तो चाखला. ती कडू चव तिच्या रोजच्या गोळीची होती.

"आई, हे काय?"

आईने मान खाली घातली. भावजयच बोलली, "तुम्ही गोळी गिळता की थुंकता, कोणाला ठाऊक? ह्यांनीच वेगळ्या आणून दिल्या, कुटून घालायला. तुमच्या भल्यासाठीच ना!"

"म्हणजे मी दुप्पट घेत होते! म्हणून हात कापत होता माझा!"

"झालं हिचं सुरू," भाऊ वैतागला. "आधी ते दूध पी."

ताईने पेला त्याच्यापुढे सरकवला. "एवढं भल्याचं आहे, तर तू पी."

"मला काय वेड लागलंय?"

आई मुसमुसू लागली. ही माया असेल, तर जळो असली माया! ताईने दूध मोरीत ओतलं, सर्वांसमोर आपली गोळी पाण्याबरोबर घेतली आणि चप्पल घालून निघाली.

दुकानात तिचं सगळं ऐकून मास्तरांनी चष्मा पुसला. तिच्या जागेवर दुसरीच कोणी बसली होती.

"बेतायला नको. काज-बटणं द्या," ताई म्हणाली.

"घरून कोणाला तरी घेऊन ये. मग बघू."

तिचा हात अजून कापत होता. तो तिने लपवला नाही. ती बाकावर बसली.

"मी आलेय ना," ती म्हणाली.