कसेरू कुणी उपटलं

एकोणीस वर्षं मी कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबचा शिपाई आहे. नदीनाल्यांतनं झाडं आणायची मी, वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची मी, आणि खाली चिठ्ठीवर 'गोळा करणार' म्हणून नाव प्राध्यापक विश्वासरावांचं. या माणसाला रावपुऱ्यातल्या रस्त्यावर साचलेलं पाणी ओलांडायलाही रिक्षा लागते!

दिवाळीआधी मी विश्वामित्री नदीतून कसेरू आणलं. लव्हाळ्याचा भाऊबंद, पण माणसाएवढं उंच. गवताची काडी बोटांत गरागरा फिरते, याचा दांडा अडतो, कारण त्याला तीन धारा. हे येतं काठच्या काळ्या चिखलात, कंद ठेवतं खोल. डुकरं ते उकरून खातात. त्याच चिखलात मगरी ऊन खात पडतात, पण तेवढं सरांच्या टिपणात नसतं.

"सर, या चिठ्ठीवर माझं नाव घाला," मी म्हणालो.

"तुझं कशाला? तू तर नुसतं उपटलंस!"

आठवड्यानं पुण्याहून शालिनीबाई आल्या. हयात गेली बाईंची या कुळाच्या अभ्यासात. नमुना बघून खूश झाल्या. "पण कंद कुठाय? कंदाशिवाय हे अर्धंच."

"घाईत राहिला हो. कमरेभर चिखलात उभा होतो मी," सर म्हणाले.

"वा! मग चला, जागा दाखवा." बाईंनी नमुन्याचा कागद काखेत मारला.

नदीच्या पुलाखाली धोबी गुजरातीत ओरडला, "साहेब, मगर छे!"

होतीच. कसेरूला टेकून, निवांत.

"काढा ना विश्वासराव. तुम्हाला सवय आहे," बाई म्हणाल्या.

सरांनी आपले नवे बूट बघितले, मगर बघितली, मग मला बघितलं. "विश्वंभर, उतर."

मी काठावर मांडी घालून बसलो. "मी कसा उतरू, सर? चिठ्ठीवर तुमचं नाव आहे."

मगरीनं जबडा उघडला. सर दोन पावलं मागं सरले. "बाई, तसं बघता... याचाही थोडा हात होता."

"थोडा?" मी विचारलं.

"बरं, यानंच आणलं!"

"मग खोडा की नाव." बाईंनी पेन पुढं केलं.

सरांनी खोडलं, 'विश्वंभर' लिहिलं आणि अडले. "आडनाव काय रे तुझं?"

एकोणीस वर्षं!

"मोहिते. नीट लिहा."

शाई वाळेपर्यंत मी हललो नाही. मग विजार खोचली, ढेकळं मारून मगर पाण्यात घालवली आणि कोपरापर्यंत हात घालून कंद काढला. वर येऊन सरांच्या नव्या बुटांवर ठेवला, चिखलासकट.