तीस हजार एकतीस

शिलाईच्या दुकानात कापणीचं टेबल वहिनींच्या ताब्यात होतं. त्यांचे धाकटे दीर शाळेत गणित शिकवायचे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ते पँटचं माप द्यायला आले आणि कमरेला टेप लागायच्या आतच सुरू झाले.

"वहिनी, आज वर्गात काय धमाल आली! दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. सगळ्या मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग न जाणाऱ्या. त्यांचा गुणाकार केला, वर एक मिळवला. तीस हजार एकतीस! आता सहापैकी कुणानंही भागा, बाकी एक उरणारच. झाली की नाही नवीकोरी मूळ संख्या?"

"आधी श्वास सोडा, भाऊजी. पोट आत ओढून माप देताय." वहिनींनी कमरेचा आकडा टिपला. "आणि सतरानं भाग गेला तर?"

"छे! नाही जायचा."

"करून पाहिलंत?"

भाऊजींनी घड्याळाकडे बघत काढता पाय घेतला.

वहिनींना मात्र चैन पडेना. काळ्या अस्तराच्या उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खडूनं भागाकार मांडला. एक कॉलर कापायची, एक भागाकार करायचा. सतरानं बाकी नऊ, एकोणीसनं अकरा. तेवीस आणि एकोणतीस, दोघांनीही सोळाच उरवले. त्रेपन्नपाशी तेहतीस उरले, तेव्हा वाटलं, भाऊजींचंच खरं. तरी आणखी एक म्हणून त्यांनी एकोणसाठ घेतला. पाचाचा भाग बसला. मग शून्य. खाली उतरले पाचशे एकतीस. एकोणसाठ नव्वे... पाचशे एकतीस!

"गेला! अहो, गेला!" वहिनी ओरडल्या.

मशीनवरच्या बाईंचा पाय थबकला. "अगं बाई! कोण गेला?"

"तीस हजार एकतीस!" म्हणत वहिनी बाहेरसुद्धा पडल्या.

गळ्यात टेप तशीच लोंबत होती. वर्गाच्या दारातच त्यांनी तो तुकडा भाऊजींच्या हातात कोंबला. भाऊजींनी वाचला, तोंडातल्या तोंडात पुन्हा गुणून पाहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मुलांनो, सकाळी मी चुकलो. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पण थांबा! हे दोन्ही मूळच आहेत. आपल्या सहांत होते का? नव्हते! नवी मूळ संख्या मिळते हे खरंच, फक्त ती आत दडून बसली होती. एकाच्या जागी दोन मिळाल्या, वहिनी!"

"मग आता सतरालाही घ्या ना गुणाकारात!"

फळ्यावर आकडा उमटला: पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. वहिनींनी दुसरा खडू उचलला. मुलं बाकांवर उभी राहिली.

"भाऊजी, हा तर पहिल्याच दणक्यात! एकोणीसनं गेला!"

"उरले किती?"

"उरलं काही नाही. भागाकार आला सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर. तो फोडायचा तुम्ही. मला कॉलरी कापायच्यात."

पण त्या गेल्या नाहीत. पहिल्या बाकावर जागा करून घेऊन बसल्या.