शिक्केबाबाची पिवळी परात

गडब गावात हायवेच्या कडेला एक ढाबा होता. तो बंद पडला आणि तिथे देव सुरू झाला.

माझं मेडिकल बरोबर समोर, त्यामुळे दर गुरुवारची जत्रा मला काउंटरवर बसूनच दिसायची. दुपारी तीनला बाइक लागायला सुरुवात. धाटावहून शिफ्ट सुटलेले बॉयलरवाले, डोलवीकडचे क्रेनवाले, पेण-रोह्याचे वायरमन, नर्स, आमच्यातले फार्मासिस्ट. ज्याच्या ज्याच्या पोटाला सरकारी शिक्का लागतो, तो प्रत्येक माणूस. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लायसन, आणि लायसनची तारीख एकतर उलटलेली, नाहीतर उलटायच्या बेतात.

एवढी माणसं, पण आवाज नाही. हायवेवरून ट्रेलर गेला की पत्रे थरथरायचे, तेवढाच. वाफ कोंडणारी, वीज खेळवणारी, रक्ताच्या शिरा हुडकणारी माणसं एका परातीकडे बघत बसायची. परातीत हळदीचं पाणी. परातीमागे शिक्केबाबा. बाबामागे पडदा. आणि पडद्याशेजारी एक लोखंडी ट्रंक, माणूस आडवा मावेल एवढी.

एका गुरुवारी मीही जाऊन बसलो. गिऱ्हाइकंच समोर गेल्यावर दुकानात माशा किती मारणार?

"सर्व्हर म्हणजे काय?" बाबा खालच्या आवाजात बोलत होते. "शेषनाग! जगाचा भार डोक्यावर. कधी हलतो, कधी डाउन होतो. आणि ओटीपी म्हणजे काय? सहा आकडी बीजमंत्र! म्हणून तर सरकार सांगतं, कुणाला सांगू नका."

लोक माना डोलवत होते. मला हसू आलं, पण शेजारच्या माणसाकडे बघून मी ते गिळलं.

पद्धत अशी. आल्या आल्या दक्षिणेसकट अर्जाची पावती टोपलीत टाकायची. टोपली पडद्याआड देवासमोर जायची, घटकाभराने परत यायची. मग बाबा एकेक पावती उलटी धरायचे, कोऱ्या बाजूवर परातीतलं पाणी शिंपडायचे. आणि कडक अट: "दर्शनाआधी पोर्टल उघडून बघायचं नाय. बघितलंत तर अर्ज विटाळला."

"प्रविण! बॉयलर अटेंडंट, धाटाव!"

प्रविण उठला. बाबांनी पाणी शिंपडलं. पिवळ्या डागातून लाल रेघ उगवली. मग टिंब, मग उकार. ताज्या जखमेतून रक्त यावं तशी अक्षरं वर आली: मंजूर.

खोटं कशाला बोलू, माझ्याही हातावर काटा आला.

तेवढ्यात पडद्यामागे कोंबडा आरवला. दुपारी चार वाजता.

"देवाचा होकार!" बाबांनी डोळे मिटले. "आता बघ तुझं पोर्टल."

प्रविणने मोबाइल उघडला. खरंच मंजूर होतं! माणूस तिथेच आडवा पडून पाया पडला. वीस टन वाफ सांभाळणारा माणूस!

पुढचं नाव प्रतिक्षाचं. ही गडबचीच, रोह्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू करायचं होतं, आणि हॉस्पिटलने सांगितलं होतं, महिनाअखेर कागद आला नाही तर ड्युटी बंद. नवऱ्याची कंपनीतली नोकरी सहा महिन्यांपूर्वीच गेलेली. घर तिच्या एकटीच्या पगारावर.

बाबांनी पाणी शिंपडलं. कागद पिवळा झाला. पिवळाच राहिला.

बाबांनी पुन्हा शिंपडलं. काही नाही. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की मागची दोन माणसं सरकून बसली.

"तुझ्या हातून एक जीव गेलाय, पोरी," ते म्हणाले. "म्हातारा होता. तो अडवून बसलाय."

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. तिने विचारलंसुद्धा नाही, कोण म्हातारा. तिला माहीत होतं.

"सात गुरुवार ये. तोवर सगळी ओरिजनल कागदं देवाच्या ताब्यात. आणि पोर्टलला हात लावू नको, तो आणखी खवळेल."

ट्रंक उघडली. आत फायलींवर फायली. प्रतिक्षाची फाइल त्यात पडली, झाकण बसलं, कुलूप लागलं. तो आवाज मला अजून आठवतो.

दोन आठवडे गेले. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी प्रतिक्षा दुकानात आली, सासूला घेऊन. सासू म्हणजे बायजाबाई. सगळी उमर मिठागरात घालवलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"पोरा, हिला झोपेची गोळी दे," बायजाबाई म्हणाली. मी बावन्न वर्षांचा आहे. "आनि मना ढोपराचा मलम. हलद-चुन्याचा लेप लावून लावून लुगडी लाल झाली, फरक काय नाय."

"झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, बायजाबाई. काय झालंय हिला?"

प्रतिक्षा काउंटरला धरून उभी होती. "दादा, काल सलाइन लावायला गेले, शीर सापडेना. तीनदा टोचलं. पेशंट ओरडला. मला तो म्हाताराच दिसत होता."

"कुठला म्हातारा?"

"खाडीकडच्या खारेपाटातला. गेल्या पावसाळ्यात. माझ्या नाइटला गेला. डॉक्टर बोलले हार्ट पूर्ण खलास होतं, पण... बाबांना कसं कळलं, दादा? मी तर नवऱ्यालापण सांगितलेलं नाय."

मी आपलं दुकानदारी डोकं चालवलं. माझंही रजिस्ट्रेशन नुकतंच रिन्यू झालं होतं, ह्याच स्टुलावर बसून.

"मला आमच्या कौन्सिलचे तीन मेसेज आले होते. तुला काय आला?"

"मला नाय येत. ते हितेशकडे येतात."

"कोण हितेश?"

"पेणला स्टँडजवळ ऑनलाइनचं दुकान हाय बघा. सगळे तिथंच फॉर्म भरतात. आमच्याकडे रेंज नाय, ओटीपी येईपर्यंत टाइम संपतो. तो बोलला, माझाच नंबर टाकूया ताई, पटकन होईल. सगळ्यांच्याच अर्जात त्याचा नंबर हाय. दिवसभर त्याच्या मोबाइलात कोंबडा आरवत असतो."

मी मलमाची ट्यूब खाली ठेवली.

"अर्जाचा नंबर आहे?"

"हाय, पण बाबा बोलले पोर्टल—"

"पोर्टल मी बघतो. म्हातारा खवळला तर माझ्यावर खवळेल."

नंबर टाकला, तिची जन्मतारीख टाकली. गोल गोल फिरत शेषनाग एकदाचा हलला. आणि स्क्रीनवर जे आलं ते मी मोठ्याने वाचलं:

त्रुटी. लग्नानंतर नाव बदलल्याचे दिसते. विवाह प्रमाणपत्र जोडावे. मुदत आज सायंकाळी सहा. अन्यथा अर्ज बंद करण्यात येईल.

पंधरा दिवसांपूर्वी कळवलेलं होतं. हितेशच्या मोबाइलवर.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. "लग्नाचं सर्टिफिकेट कुठाय?"

प्रतिक्षाने समोरच्या ढाब्याकडे बघितलं. ट्रंकेत.

आणि ते जोडायला लॉगिन लागणार, लॉगिनला ओटीपी, ओटीपी हितेशकडे. हितेशला फोन लावला, उचलेना. त्याच्या शेजारच्या दुकानदाराला लावला, तो म्हणाला, "गुरुवारी दुकान बंद असतं त्याचं. देवाला जातो."

"कुठल्या देवाला रं?" बायजाबाईने विचारलं. तिने पदर खोचला. "चला. ढोपरं ऱ्हाऊं दे."

ढाब्यात गर्दी दाटलेली. आम्ही आत घुसलो तेव्हा कुणा वायरमनच्या पावतीवर लाल अक्षरं उगवत होती. बायजाबाईने हा प्रकार पहिल्यांदाच बघितला. ती वाकली. अक्षरांकडे बघितलं, परातीकडे बघितलं, मग स्वतःच्या लुगड्याकडे.

"अगो बाय," ती म्हणाली, "ह्यो तर माझ्या ढोपराचा लेप!"

"म्हातारे, मागे हो!" बाबा गरजले.

"मागं काय हो? थांब जरा." तिने कमरेची पानाची चंची सोडली, चुना बोटावर घेतला, थुंकीने पातळ केला आणि टोपलीतल्या एका पावतीच्या कोऱ्या बाजूवर अंगठा दाबला. फुंकर मारमारून वाळवला. मग सरळ बाबांच्या परातीत हात घालून पाणी शिंपडलं.

पिवळ्या कागदावर लालभडक अंगठा उमटला, एकेक रेघ दिसेल असा.

"बघा रं पोरांनो! मी शाळेत नाय गेले, पन माझापन अंगठा मंजूर झाला!"

कुणीतरी फिसकन हसलं. पण एकच. बाकीची गर्दी आमच्याकडे रोखून बघत होती. ज्याला नुकताच शिक्का मिळालाय त्याला तो चुन्याचा होता असं ऐकायचं नसतं. नवस फेडायला आलेला प्रविणच पुढे आला. माझी कॉलर धरली.

"चुना असंल नाय तर काय पन असंल," तो म्हणाला. "पोर्टलवर खरंच मंजूर झालंय ना? ते बाबांना आधी कसं कळलं? बोल!"

"बोल की!" मागून आवाज आले. दाराशी माणसं सरकली. दार दिसेनासं झालं.

बाबा हसले. "विचारा त्याला. कोंबडा कोण आरवतो तेपन विचारा."

उत्तर मला माहीत होतं, पण कॉलर आवळली की घशातून शब्द येत नाही. साडेपाच होत आले होते. आणि माझ्या मागे प्रतिक्षा, सगळं विसरून, माझाच मोबाइल हातात घेऊन, बुडणारा माणूस काडी धरतो तशी एकच बटण दाबत होती: ओटीपी पाठवा.

पडद्यामागे कोंबडा आरवला.

"होकार!" बाबा म्हणाले.

तिने पुन्हा दाबलं. कोंबडा पुन्हा आरवला.

प्रतिक्षा थांबली. तिने मान वर केली. पडद्याकडे बघत, सावकाश, तिसऱ्यांदा दाबलं.

कुकूच कू.

प्रविणची माझ्या कॉलरवरची पकड ढिली झाली. त्याने स्वतःचा मोबाइल काढला, स्वतःचा अर्ज उघडला, बटण दाबलं. कोंबडा. वायरमनने दाबलं. कोंबडा. मग सगळ्यांनीच दाबलं. पडद्यामागे पन्नास कोंबड्यांचं खुराडं उठलं, आणि त्या कलकलाटात कुणीतरी कळवळून ओरडलं, "मामा, बॅटरी चाललीय!"

बायजाबाईने पडदा ओढला. पेणचा हितेश मांडी घालून बसला होता. एका मांडीवर मोबाइल, दुसऱ्या मांडीवर वही, समोर वाटी, वाटीत धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि कान कोरायची काडी. ज्याला मंजुरीचा मेसेज आला त्याच्या पावतीवर काडीने लिहायचं, सुकवायचं, बाहेर पाठवायचं. ज्याची त्रुटी निघाली त्याचा कागद कोरा. सोडा काय, चुना काय, खार लागला की हळद लाल होते. आपल्याकडे कुंकूसुद्धा असंच करायचे.

पोलीस पाटलाला बोलावलं. बाबांनी किल्ली गुपचूप दिली. ते आधी एका ऑफिसच्या दारात फॉर्म भरून देणारे एजंट होते. सगळं ऑनलाइन झालं आणि ते ऑफलाइन झाले. म्हणून भाच्याच्या मोबाइलवर देव बसवला.

ट्रंक उघडली. प्रतिक्षाच्या सर्टिफिकेटचा फोटो काढला, हितेशने ओटीपी वाचून दाखवला. बीजमंत्र सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात. सहाला आठ मिनिटं असताना स्क्रीनवर आलं: पूर्तता प्राप्त.

सगळे सुटल्यासारखे हसले. प्रतिक्षा हसली नाही. ती बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"म्हाताऱ्याचं कुठून कळलं?"

बाबांनी नजर चुकवून परात उचलायला घेतली.

"बोला. माझ्या हातून जीव गेला ते कुठून कळलं?"

"तू नर्स हायेस ना," ते पुटपुटले. "नर्सला तेच सांगतो. वायरमनला सांगतो, तुझ्यामुळं कुणालातरी शॉक लागला. ड्रायव्हरला सांगतो, काहीतरी चाकाखाली आलं. सगळ्यांचं काहीतरी असतंच."

मागे बसलेल्या एका वायरमनने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

प्रतिक्षाचं रजिस्ट्रेशन नऊ दिवसांनी आलं, तिच्या स्वतःच्या नंबरवर. परवा तिने बायजाबाईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन माझ्याच दुकानातून घेतलं आणि तिथेच तिच्या दंडात दिलं. मी तिच्या हाताकडे बघितलं. हात स्थिर होता.

पण ट्रंकेत आणखी चाळीस फायली होत्या. त्यातल्या अकरा जणांची मुदत कधीच उलटून गेली होती. कुणाचा फोटो धूसर होता, कुणाची सही राहिली होती. दोन मिनिटांची कामं. ती माणसं गुरुवारमागून गुरुवार परातीसमोर बसून आपल्याच जुन्या चुकीची माफी मागत होती, आणि त्यांचा मेसेज चार हातांवर, पडद्यामागे, आरवून गप्प झाला होता.

म्हणून हात जोडून सांगतो. हळद जेवणात घाला. अर्जात नंबर स्वतःचा घाला, रेंज नसेल तर टेकडीवर चढा. कागद अडला तर का अडला ते आधी वाचा. आणि तुमच्या मनातलं जुनं दुखणं कुणी न सांगता ओळखलं, तर पाया पडायच्या आधी एवढंच विचारा: शेजारी बसलेल्याला ह्याने काय सांगितलं?