शोकेसमधला राउटर आणि वरच्या मजल्यावरचे हात

मित्रांनो, हॉलमधल्या शोकेसचे दार उघडा, स्टीलचे चषक जरा बाजूला सारा, आणि मागे दोन कान वर करून बसलेले जे काळे काही दिसेल, तो मी. मी या घरातला जुना राउटर. इंटरनेट बंद पडले की सगळ्यांना माझी आठवण येते. चालू असताना मी असलो काय आणि नसलो काय! म्हणून आज मीच बोलायचे ठरवले आहे. बोलताना थोडी चिडचिड झाली, तर मनावर घेऊ नका.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर कुणी माझ्या पोटात वायरी जोडल्या, कुणी कान बसवले, आणि शेवटी एका बाईंनी माझे सगळे दिवे लागतात की नाही ते पाहून मला खोक्यात घातले. खोक्यावर एका घराचे चित्र होते. त्या घरात माझ्या लहरी कानाकोपऱ्यात पोहोचत होत्या आणि सगळी माणसे हसत होती. त्या चित्रातल्या घराला जिना नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

मी इथे आलो तेव्हा हे घरही बैठेच होते. मला टेबलावर मोकळी जागा होती. घरातल्या ताईचा परीक्षेचा निकाल माझ्यामार्फत आला, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, मला स्वतःच्या रुमालाने पुसले होते. शेजारी यायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडे नेट काय पळतं हो!" खरे सांगतो, तेव्हा माझे दोन्ही कान आणखी ताठ व्हायचे.

मग घरावर एक मजला चढला. त्यावर आणखी एक चढला. घर वाढले, मी मात्र खालीच राहिलो. त्यात भाऊंच्या पत्नीला, वहिनींना, नव्या सोफ्याशेजारी माझे काळे तोंड बघवेना. त्यांनी मला उचलून शोकेसमध्ये ठेवले. पाठीला आरसा, पुढ्यात भाऊंनी कॅरममध्ये जिंकलेले चषक आणि डोक्यावर लोखंड भरलेले दोन स्लॅब. अशा अवस्थेत तुम्हाला तरी कुणाला हाक मारता आली असती का?

सगळ्यात वरच्या मजल्यावर ताईच्या काकू राहतात. काका नोकरीसाठी दूर असतात. काकू ऐकू न येणाऱ्या मुलांना हातांच्या खुणांच्या भाषेत शिकवतात, तेही संगणकाच्या पडद्यावरून. त्यांची एक लाडकी विद्यार्थिनी आहे. काकू तिला चिऊ म्हणतात. चिऊच्या गावात ही भाषा येणारे दुसरे कुणीच नाही. काकूंचे चित्र मध्येच गोठायचे. हात हवेत अर्धवट थांबायचा. तो पुन्हा हलेपर्यंत वाक्य पुढे निघून गेलेले असायचे, आणि चिऊ बिचारी कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत बसायची.

काकू खाली येऊन तक्रार करायच्या, तेव्हा भाऊ म्हणायचे, "अगं, मग व्हिडिओ बंद ठेव ना. नुसता आवाज ठेवला की नेट कमी लागतं."

"भाऊ, आवाज ठेवून काय करू? तिला ऐकू येत नाही!"

"हो, हो, ते विसरलोच," असे म्हणून भाऊ माझे बटण बंद करून चालू करायचे. घरात कुणाचे काहीही अडले की माझे बटण! मित्रांनो, तुमचे गणित चुकले म्हणून कुणी तुम्हाला दर वेळी झोपवून उठवले, तर तुम्हाला कसे वाटेल?

शेवटी काकूंच्या संस्थेने कळवले की एक बाई तास तपासायला बसतील. चित्र असेच अडकत राहिले, तर काकूंचे वर्ग बंद होतील. मग कुठे घर जागे झाले आणि नवीन वस्तूची शोधाशोध सुरू झाली. गंमत बघा, माझाच पर्याय शोधायचा होता आणि तो माझ्याच खांद्यावर बसून शोधत होते! ताईने सांगितले की मेश नावाचा संच घ्यायला हवा. त्यात एकसारख्या तीन डब्या असतात. पाण्याच्या बादल्या जशा हातोहात पुढे देतात, तसे एक डबी दुसरीला आणि दुसरी तिसरीला इंटरनेट देते.

"पण याला अँटेना कुठे आहेत?" भाऊंना ते पटेना. "पकडणार कशाने? त्यापेक्षा हा आठ कानांचा बघ."

"आठ कानांचं ते कोळ्यासारखं दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "पांढरं काहीतरी बघा, भिंतीला शोभेल असं."

"आई, वेग बघायचा की रंग?"

"दोन्ही बघायला काय हरकत आहे?"

काकू जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. "कोणताही घ्या," त्या म्हणाल्या, "फक्त माझ्यापर्यंत पोहोचू दे." वादात ते कुणी मनावर घेतले नाही. मला मात्र फार वाईट वाटले.

पांढऱ्या डब्या आल्या. भाऊंनी पहिली वायरीने माझ्याशी जोडली. आणि मग या घराने जे केले, ते बघून मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत. वहिनींनी तिन्ही डब्या चषकांच्या मधे एका ओळीत मांडल्या. माझ्याच शोकेसमध्ये! "संच आहे ना, फोडायचा कशाला?" त्या म्हणाल्या. ताईची परीक्षा तोंडावर होती, ती खोलीत दार लावून बसली होती. भाऊंना रांग फार आवडली. तिन्ही डब्या एकमेकींना खेटून बसल्या आणि मी दिवे मिचकावून मिचकावून थकलो.

दुसऱ्या दिवशी काकूंचे चित्र पुन्हा गोठले. "कंपनीच फसवी दिसतेय," भाऊ म्हणाले. लॅपटॉप घेऊन काकू खाली आल्या, शोकेसकडे पाठ करून खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांच्या देखत शिकवायला लागल्या. घराने त्यांचा तास पहिल्यांदाच पाहिला. वहिनींनी आपणहून टीव्ही बंद केला. काकूंच्या बोटांतून प्रश्न निघत होते आणि चिऊ हसत हसत भराभर उत्तरे देत होती. मग तिने काकूंच्या मागे बोट दाखवले आणि हातांनी काहीतरी विचारले.

"काय म्हणतेय ती?" भाऊंनी विचारले.

"त्या डब्या कसल्या, असं विचारतेय. मी सांगितलं, त्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर चित्र पोहोचवतात." चिऊने पुन्हा हात हलवले. "ती म्हणतेय, मग त्या तिघी एकाच कपाटात काय करतायत?"

भाऊंचा चेहरा पडला. त्यांनी शोकेस उघडले, दोन डब्या उचलल्या आणि जिना चढायला लागले. पहिली डबी वहिनींनी माझ्याजवळ, पण बाहेर टेबलावर ठेवली. मधली मधल्या मजल्यावर गेली, तिसरी काकूंच्या खोलीत. त्या दिवसापासून काकूंचा हात एकदाही हवेत अडकलेला नाही.

मला वाटले होते, आता तरी हे घर शहाणे झाले. मित्रांनो, वस्तू महाग आहे की सुंदर, हे बघण्याआधी ती कुणासाठी आणली आहे ते बघा. तिला काम करता येईल अशी जागा द्या. आणि ज्या माणसाचे काम अडले आहे, त्याला आधी विचारा. एवढेच माझे मागणे आहे.

आज तपासणीचा तास आहे. बाई पडद्यावर येऊन बसल्या आहेत, चिऊही आली आहे, काकूंनी हात वर केले आहेत. आणि मधल्या मजल्यावरच्या पांढऱ्या डबीवर आत्ताच कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला आहे. ओल्या कापडातून आमच्या लहरी नीट जात नाहीत. मला जिना चढता येत नाही, मला ओरडता येत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी धावत जा आणि तो टॉवेल उचला.