आजचा शब्द

भागीरथाबाईने तानबाच्या दुकानातल्या गुळाचा खडा न विचारता तोडला, तोंडात टाकला आणि पायरीवरच बैठक मारली. तानबाने तराजू खाली ठेवला. ही बाई पायरीवर बसली की गिऱ्हाईक आल्या पावली परत फिरतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

"उद्या वर्ध्याहून साहेब येऊन राह्यला," ती म्हणाली. "रूपरावची चौकशी कराले. तुले इचारन, पोरगा कसा हाये म्हून. तर खरं सांगजो."

"खरंच सांगन ना, मोठीमाय. एक नंबर पोरगा हाये."

"तसं नाई रे मुडद्या. खरं म्हंजे खरं. त्याच्या डोक्याचं सांगजो."

तानबाने गुळाची भेली मागे सरकवली. सात वर्षांपूर्वी याच गादीवर बसून त्याने कोणाला तरी सांगितलं होतं, की भागीरथाबाईचा रूपराव लढाईहून येडा होऊन आला. दुसऱ्या दिवशी ती याच पायरीवर उभी राहिली होती. तानबाच्या तीन पिढ्या तिने बाहेर काढल्या. कोणती आत्या कोणाच्या बैलगाडीत बसून कुठे गेली, हे गावाला तेव्हा कळलं. तानबाच्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडता मोडता राहिली. तेव्हापासून पिंपळझरीत तो शब्द बंद झाला होता. पेरणीच्या वेळी आडवा शिरणाऱ्या बैलालाही कोणी येडा म्हणत नसे.

"मोठीमाय," तानबा हात जोडून म्हणाला, "माही परीक्षा नको घेऊ."

असंच उत्तर तिला सरपंच महादेवरावांकडे मिळालं, शकुबाईकडे मिळालं, प्रेमदासकडे तर तो मागच्या दाराने निघूनच गेला. आठ घरं फिरून ती परत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गावाला तिने फारच चांगली शिस्त लावली आहे.

रूपराव एकाहत्तरच्या लढाईहून अंगाने धड आला होता. फौजेने त्याला आजारी ठरवून घरी पाठवलं, पण तो कागद दोनच वर्षांचा. दर दोन वर्षांनी डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं राहायचं, नाहीतर पेन्शन बंद. जाताना दोन रात्री आगगाडी, मग तीन आठवडे वॉर्डात, येताना पुन्हा आगगाडी. चार वेळा ती त्याला घेऊन गेली होती. चारही वेळा परत आल्यावर दोन-दोन महिने त्याच्या हातात पाण्याचा गिलास ठरला नाही, आणि झोपायचा तो खाटेखाली. मागच्या खेपेला एका म्हाताऱ्या डॉक्टरने तिला बाजूला बोलावून सांगितलं, "बाई, कागदावर 'कायम' पडलं की याला पुन्हा आणायची गरज नाही. पण हा घरी कसा असतो, ते तुमच्या गावाने सांगायला हवं."

कायम. भागीरथाबाई शाळेत कधी गेली नव्हती, पण हा शब्द तिने पदराच्या गाठीत बांधून आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपरावने रोजच्यासारखं तिच्या कानाशी येऊन सांगितलं, "कवठ." तिने रोजच्यासारखं विहिरीवर शकुबाईला सांगितलं, शकुबाईने पुढे. दहाच्या एस.टी.तून साहेब उतरला.

साहेबाचं नाव प्रभाकरराव. वर्ध्याच्या सैनिकांच्या कचेरीतला माणूस, स्वतः कधीकाळचा सुभेदार. मिशी पांढरी, पण पाठ अजून दारासारखी सरळ. रूपरावशी त्याने आधी दोन गोष्टी बोलून घेतल्या. रूपरावने विचारलं तेवढं सांगितलं, 'जी साब' म्हणाला आणि कापूस वेचायला निघून गेला. मग ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सतरंजी पडली. भागीरथाबाई खांबाला टेकून उभी राहिली, जिथून प्रत्येकाचं तोंड तिला दिसेल.

"रूपराव वागायला कसा आहे?" साहेबाने विचारलं.

तानबाने भागीरथाबाईकडे पाहिलं. तिने डोळे मोठे केले. बोल, असं त्या डोळ्यांत होतं. तानबाला त्यात त्याची आत्या दिसली.

"साहेब, असा हुशार माणूस आमच्या पंचक्रोशीत नाई," तो भरभर म्हणाला. "तोंडी हिशेब त माह्यापेक्षा पक्का."

तिने आणखी डोळे वटारले.

"आन् सभाव म्हनसान त गायीवानी," तानबा म्हणाला आणि कोणी थांबवायच्या आत उठून गेला.

महादेवरावांनी सांगितलं, रूपराव आल्यापासून गावात एक चोरी झाली नाही. शकुबाई म्हणाली, "माह्या नवऱ्याचं डोकं त्याच्या अर्धं असतं त मी रानी झाली असती." भागीरथाबाईने दात-ओठ खाल्ले. तिने मान हलवून खुणावलं की प्रेमदास आणखी गुण आठवायचा. शेवटी तर तो साहेबाला म्हणाला, "तुमच्या पाहन्यात एखादी पोरगी असन त सांगा. पोरगा लग्नाचा हाये."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "बाई, मला इथं आजारी माणूस काही सापडत नाही. तुम्ही आई आहात. तुम्ही सांगा."

सगळी ओसरी तिच्याकडे बघू लागली. ज्या तोंडाने तीन पिढ्या बाहेर काढल्या, ते तोंड तिने उघडलं. सात वर्षं ज्या शब्दाला तिने गावाबाहेर ठेवलं होतं, तो एकच शब्द हवा होता.

"जेवले का तुमी?" ती म्हणाली.

साहेब तिच्याकडे जेवला. मिरचीचा ठेचा पाहून घाबरला आणि तरी दोन भाकरी खाल्ल्या. कागद मिटून बॅगेत गेले. साडेपाचच्या आर्वी गाडीसाठी तो निघाला. महादेवराव, तानबा आणि चार माणसं पोचवायला, मागून भागीरथाबाई. तिच्या डोळ्यांपुढे आगगाडी दिसत होती.

गावाच्या तोंडाशी मोठा निंब आहे. निंबाखाली रूपराव काठी घेऊन ताठ उभा होता. कापूस वेचून बायका परतत होत्या. डोक्यावर गाठोडी, तोंडात नवऱ्यांच्या तक्रारी.

"थम. कौन आता है?"

"दोस्त. कवठ," शकुबाई म्हणाली आणि तक्रार जिथे तुटली होती तिथून पुढे सुरू केली. तिच्यामागची दोस्त कवठ म्हणाली, तिच्यामागची म्हातारीही. एक बैलगाडी थांबली, गाडीवान दोस्त कवठ म्हणाला, गाडी पुढे गेली. महादेवरावही बोलता बोलता "दोस्त, कवठ, तर साहेब मी काय म्हनत होतो," म्हणून पलीकडे गेले. तानबा गेला. चौघं गेले.

अलीकडे साहेब उरला, त्याच्यामागे भागीरथाबाई.

"थम," रूपराव म्हणाला. काठी आडवी झाली. "कौन आता है?"

"अरे, मी. सकाळी भेटलो ना?"

"शब्द."

पलीकडे एस.टी.ने हॉर्न दिला. पलीकडची मंडळी चुळबुळ करू लागली, पण बोललं कोणी नाही. बाहेरच्याला शब्द सांगायचा नाही, हा नियम गावात सहा वर्षांच्या पोरालाही पाठ होता. साहेबाने वळून भागीरथाबाईकडे पाहिलं. ती दोन हात अंतरावर उभी होती. एक शब्द त्याच्या कानात टाकला असता तर गाडी मिळाली असती, आणि तो धडधाकट रूपराव बॅगेत घेऊन वर्ध्याला गेला असता.

जन्मात पहिल्यांदा भागीरथाबाईने तोंड बंद ठेवलं.

एस.टी. धूळ उडवत निघून गेली. साहेबाने बॅग खाली ठेवली आणि तो निंबाच्या पारावर बसला. बराच वेळ त्याने रूपरावच्या काठीवरच्या मुठीकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती.

"किती वर्षं झाली रे पहाऱ्याला?" त्याने हळू विचारलं. आवाज आता कचेरीतला नव्हता, सुभेदाराचा होता.

"आलो तवापासून, साब. रोज."

"रोज शब्द बदलतोस?"

"बदलाच लागते. एक डाव मी शब्द नाई इचारला, साब. ओळखीचा वाटला, म्हून जाऊ देला." रूपराव रस्त्याकडे बघत होता. "आमी बारा जनं होतो."

भागीरथाबाईने पदर तोंडाशी नेला. हे तिला खाटेखालून तुकड्या-तुकड्याने ऐकू आलेलं होतं. सलग आज ऐकलं.

साहेबाने बॅग उघडली, कागद गुडघ्यावर घेतला आणि उजेड होता तोवर लिहीत राहिला. पलीकडून तानबाला राहवलं नाही.

"साहेब, यात वावगं काय हाये? हे त रोजचंच हाये."

"फॉर्म एकाच माणसाचा आहे," साहेब वर न बघता म्हणाला, "नाहीतर आख्ख्या गावाचा भरला असता." मग भागीरथाबाईपुढे कागद धरला. तिने अंगठा उठवायच्या आधी विचारलं, "तो शब्द पडला का?"

"मी शिफारस लिहिली. बोर्डवाल्यांनी माझं लिहिलेलं आजवर परतवलं नाही." त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "हा बघा. कायम."

तिने त्या अक्षरांकडे पाहिलं, अंगठा टेकवला. मग वाकून साहेबाच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब उठला, काठीपुढे ताठ उभा राहिला.

"दोस्त. कवठ."

रूपरावने सलाम ठोकला. काठी उभी झाली. साहेब कारंज्याच्या रस्त्यावर ट्रकची वाट बघायला गेला.

"माय," रूपराव म्हणाला, "तू त्याले शब्द सांगतला."

"सांगतला."

"बाहेरच्याले."

"हो."

"मंग आता बदलावा लागन." तो तिच्या कानाशी आला.

दिवेलागणीला भागीरथाबाई कालच्याच आठ दारांवर पुन्हा फिरली. शेवटी तानबाच्या पायरीवर येऊन बसली, गुळाचा खडा तोडला.

"कवठ गेलं. आता बिब्बा."

"बिब्बा," तानबाने म्हणून पाहिलं. मग धीर करून आवाज खाली आणला. "मोठीमाय, ते साहेबानं कायम लिवून देलं म्हंतेत. मंग आता आमी काय म्हनाचं? म्हंजे रूपराव हाये का..."

भागीरथाबाईने गूळ सावकाश चघळला.

"काय हाये ते कागदावर हाये," ती उठत म्हणाली. "तुह्या तोंडात आलं त पाह्यजो. शब्द काय सांगतला?"

"बिब्बा," तानबा म्हणाला.